गोधडीतला दवाखाना

बादल ही गोष्ट लिहिणारच नव्हता. घरातली भानगड, त्यात याडीची; तांड्यात कोणी वाचली तर आजा काठी घेऊन मागं लागेल. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकली.

झालं असं. त्याच्या याडीला, म्हणजे आईला, जमनाबाईला, सारखी चक्कर येत होती. एकदा तर हंड्यासकट आदळली. जीपमध्ये मळमळतं म्हणून शेलूबाजारच्या दवाखान्यात जायला तयार नाही. बादलनं पक्कं केलं, आज डॉक्टरले दाखवाचंच. उपकेंद्रातल्या रंजीता सिस्टरकडे टॅब होता, त्यात वाशिमचा डॉक्टर दिसायचा. पण रेंज अख्ख्या तांड्यात एकाच जागी, आजा सोमलाच्या खाटेपाशी. आणि आजाचे गुडघे धरलेले, तो खाट सोडेना.

लग्न झाल्यापासून जमनाबाईनं सासऱ्यासमोर तोंड उघडं केलं नव्हतं, की शब्द काढला नव्हता. आली ती हनुवटीपर्यंत पदर ओढून.

"मावशी, काय त्रास होतो?" डॉक्टरनं विचारलं.

पदर हलला. आवाज नाही.

"तिले काय होते?" आजाच बोलला. "ढीगभर भाकरी थापते रोज."

"बरं, मग पेशंट तुम्ही का बाबा? जीभ दाखवा."

आजानं दाखवली. डॉक्टर दचकला. "तंबाखू बंद. आजपासून."

"कायले? चक्कर तिले येते!"

"मग मावशींची खालची पापणी दाखवा."

"आबा, तुमी तिकडं तोंड करा," बादल म्हणाला. आजानं लिंबाकडे तोंड केलं. पदर तरी हलेना.

"यायले कान आहेत ना," जमनाबाई सिस्टरच्या कानाशी पुटपुटली.

"मंग बोळे घालू काय कानात?" लिंबाकडून आवाज आला.

सिस्टर वैतागली. "राहू दे बादल. ताकदीच्या गोळ्या लिहून घेऊ."

"न पाह्यता? आमच्या बैलाले बी डॉक्टर डोळा पाहून औषध देते!"

बादलनं खाटेवरची गोधडी ओढली आणि याडी, सिस्टर, टॅब, सगळ्यांवर टाकली. स्वतःही आत घुसला.

"लाइट गेली का?" डॉक्टर.

"नाही साहेब, घुंगट मोठा केला."

सिस्टरनं टॉर्च धरला. पापणी पांढरीफटक.

"रक्त कमी दिसतंय. पण ते टॅबवर मोजता येत नाही, उद्या तपासणीला आणाच. मावशी, जेवता ना?"

अंधारात याडीला कंठ फुटला. "सगळ्यायचं झालं का जेवते. उरलं त. भाजी त उरतच नाही, मामांजीले दुसऱ्यांदा वाढा लागते."

गोधडीनं तोंड झाकतं, आवाज नाही. बाहेर मामांजीची, म्हणजे आजाची, खाट करकरली.

दुसऱ्या दिवशी बादलनं याडीला मित्राच्या, राजपालच्या जीपमधून नेलंच. उलट्या झाल्या, पण तपासणीही झाली. रक्त खरंच कमी. गोळ्या घेऊन घरी आले, तर संध्याकाळी आजानं ताट सरकवलं.

"आधी जमनाले वाढा. तिचं झालं का मी."

चुलीमागून पदर बादलच्या कानाशी आला. "मामांजीच्या आधी? जीव गेला तरी नाही."

आजा हटेना, याडी हटेना. भाकरी गार झाल्या.

"मंग जेवलं कोन?" राजपालनं सकाळी विचारलं.

"मी," बादल म्हणाला. "भूक लागली होती बे."

राजपाल जीपच्या बोनेटवर हात आपटून हसला.

"हासून काहून राह्यला? तुले शब्द देतो. आजपासून वाढणार मी. एक ताट खाटेवर, एक चुलीपाशी, एकाच टायमाले. अन् याडीचं रक्त भरेस्तोवर आमच्या घरात सगळ्यात शेवटी जेवणारा मी."