नळीवरचा एकतीस

एका जंगलात जो काही घोळ झाला, त्याला जबाबदार साळ्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी मुसमुसायचं नाही.

साळ्या म्हणजे एक तरुण साळिंदर. जुनी लष्करी रायफल कुठल्या सालची, हे तो नंबर आणि खुणा बघून सांगायचा. शाळेत हे शिकवत नाहीत, म्हणून तो शाळेत टिकला नाही.

त्याचं बीळ ओढ्याकाठी होतं. झकास जागा. पण नियम कडक होता. ओढ्याच्या लढाईत जे पलीकडे होते, त्यांच्या नातवंडांना काठावर बीळ नाही. साळ्याला त्याची फिकीर नव्हती. सन वीसच्या त्या लढाईत त्याचे आजोबा अलीकडेच होते. बिळात. झोपलेले.

त्याच लढाईत दादासाहेब अस्वलांच्या आजोबांनी म्हणे रायफल चालवली. ती दादासाहेबांच्या भिंतीवर होती, म्हणून मधाचं झाड त्यांचं. बाकीच्यांनी झाडाखाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

यंदा दादासाहेबांना रायफलीचा दाखला हवासा वाटला. तोही भर सभेत.

"ये बाळ साळ्या. बघ, आणि लिहून दे, सन वीस."

"बघून लिहू की न बघताच, काका?"

"चावटपणा नको."

साळ्याने नळीवरचं लाकूड सोडवलं. फुंकर मारली. तेल पुसलं, मधाचे डाग पुसले. नळीच्या बुडाशी एक चांदणी होती. चांदणीखाली दोन आकडे.

"एकतीस," साळ्या म्हणाला.

माकडंसुद्धा खाजवायची थांबली.

"नळी मागाहून बदलली असेल," कोल्हेगुरुजी म्हणाले. ते जंगलाचा इतिहास लिहायचे आणि दादासाहेबांकडे जेवायचे.

"मग नंबर जुळले नसते, गुरुजी. इथे नळीवर, बोल्टवर, बॉडीवर एकच नंबर आहे. पुढे 'ख' आहे. कारखान्यात 'क'चे नंबर सन तीसला संपले, मग 'ख' आला. लढाई झाली तेव्हा ही रायफल जन्मायची होती."

तुम्हाला वाटेल, आता म्हातारे लाजले असतील. छे! लाजायचं वय कधीच गेलं होतं त्यांचं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "रायफल खोटं बोलत नाही. म्हणजे लढाईच सन एकतीसला झाली!"

टाळ्या.

"पण थोरले अस्वल तर बावीसलाच गेले," कासव पुटपुटलं. "मी तेराव्याला जेवलोय. लाडू कच्चे होते."

"म्हणजे ते मेल्यावर नऊ वर्षांनी लढले!" गुरुजींनी लेखणी उचलली. "जिवंतपणी काय, कोणीही लढतं!"

दादासाहेब ढसाढसा रडले. अस्वलांना मधाचं आणखी एक झाड द्यायचं ठरलं. कासवानेही हात वर केला.

साळ्याला हसू आवरेना. काटे खुळखुळेपर्यंत हसला.

"हसतोस काय रे?" दादासाहेब डोळे पुसत म्हणाले. "सन एकतीसला तुझे आजोबा कुठे होते?"

"पलीकडे. बहिणीच्या लग्नाला."

दादासाहेब गुरुजींकडे वळले.

"पलीकडे कोण होतं, गुरुजी?"

"शत्रू, दादासाहेब."

"अहो, वऱ्हाडी होते ते!"

"शस्त्रं होती?"

"काटे होते. साळिंदरच ती!"

"लिहा गुरुजी. सशस्त्र."

"पण काका, लढाई वीसला झाली!"

"एकतीस कोणी वाचलं, बाळ?"

साळ्याने पुन्हा नळी पाहिली. आकडा बरोबरच होता.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांच्या भिंतीवरची रायफल खरी कुठल्या सालची, ते बेधडक सांगा. ते ऐकतात. लगेच इतिहास दुरुस्त करून घेतात. फक्त त्या साली आपले आजोबा कुठे जेवायला गेले होते, तेवढं आधी आठवून घ्या. साळ्याला ते उशिरा आठवलं. त्याचं बीळ गेलं.