वाचणारा वेगळा, बघणारा वेगळा

पुणतांबेकर सरांच्या खिडकीतून संध्याकाळी जो पाठ ऐकू येतो तो कुठल्या देवाचा, असं मला एकदा एका यात्रेकरू बाईंनी विचारलं होतं. आमची कॉलनी नानाखेड्याच्या बस स्टँडजवळ, त्यामुळे दर्शनाला आलेली मंडळी इथे घरोघरी खोल्या घेऊन उतरतात. बाई हात जोडून सरांच्या फाटकापाशी उभ्या होत्या. आत एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणत होता, "शर्मा कॉमा आर फुलस्टॉप के फुलस्टॉप, ब्रॅकेट उघडा, दोन हजार बारा, ब्रॅकेट बंद, फुलस्टॉप." मी म्हटलं, हा विज्ञानाचा पाठ आहे. त्यांनी तरीही नमस्कार केला. उज्जैनात कुणी आवाज लावून काही म्हणत असेल तर आधी नमस्कार करून मोकळं व्हावं, चौकशी नंतर.

सर आमच्या समोरच्या घरात राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे अजून निवृत्त व्हायची आहे. पण सरांची गावातली ख्याती वनस्पतींमुळे नाही, रेफरन्समुळे आहे. शोधनिबंध लिहिणाऱ्याने आपण कुणाकुणाचं वाचून शहाणे झालो, त्यांची यादी शेवटी द्यायची असते. आता यादी म्हटल्यावर किराण्याच्या यादीसारखी लिहून टाकावी, तर तसं नाही. प्रत्येक जर्नलची तऱ्हा निराळी. कुणाला वर्ष नावाच्या पाठोपाठ हवं, कुणाला अगदी शेवटी. कुणाला जर्नलचं नाव पूर्ण हवं, कुणाला तोडून. सर म्हणत, "हे सासर आहे भाई. माहेरी कॉमा देत होते म्हणून इथे नाही देता येणार. इथल्या सासूला काय आवडतं ते आधी बघून घ्या."

हे काम सर फुकट करत. अट एकच. ज्याचा निबंध त्याने स्वतः यायचं, समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि यादी मोठ्याने वाचायची, टिंबा-स्वल्पविरामासकट. दुसरी प्रत सरांपुढे. ओळीखाली स्टीलची पट्टी, हातात टावर चौकातून आणलेली लाल पेन्सिल. वाचणारा वेगळा आणि बघणारा वेगळा, हा सरांचा धर्म. एकट्या माणसाचा डोळा फार लाडावलेला असतो, त्याला जे हवं तेच तो बघतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी भरभर वाचायला लागलं की ते पट्टी टेबलावर आपटून म्हणत, "तसल्लीने. रेल्वे नाही सुटून राहिली तुमची."

मध्येच शेव-परमल, म्हणजे आपले शेव-कुरमुरे, यायचं. पण कागदाला तेलाचा डाग लागता कामा नये, म्हणून चमच्याने. परमल चमच्याने खायला लावणारा अख्ख्या माळव्यात हा एकच माणूस असेल. मी एकदा हात घातला तर त्यांनी मला साबण दाखवला.

यादीचं वेड घरापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एका वर्षी वर्गणीदारांचा फलक लिहायचं काम सरांकडे आलं. सरांनी सगळी नावं आडनावांनुसार वर्णक्रमाने लावली. अध्यक्षांचं आडनाव हर्डीकर. ते गेले तळाला, पार मांडव घालणाऱ्याच्या जाहिरातीला टेकून. अध्यक्ष फुगले, आरतीला आले नाहीत. त्यांना समजवायला गेलेल्या शिष्टमंडळात सरही होते, आणि तिथे जाऊन त्यांनी सांगितलं की अध्यक्ष पहिले हवे असतील तर पुढच्या वर्षी अभ्यंकरांना निवडा. त्यानंतर सरांकडे प्रसादाच्या पुड्या बांधायचं काम दिलं जातं. पुड्याही ते एका मापाच्या बांधतात.

या सगळ्याला एकेकाळी सरांच्या पत्नी, शैलाकाकू होत्या. काकू शाळेत गाणं शिकवायच्या. शास्त्राशी त्यांचा संबंध नवऱ्यापुरता. पण सरांच्या सगळ्या निबंधांच्या याद्या काकूंनीच वाचल्या. वनस्पतींची लॅटिन नावं तिरप्या अक्षरांत छापायची असतात. तसं नाव आलं की काकू "तिरपं" म्हणायच्या ऐवजी नुसती मान कलवायच्या. सर पट्टीवरून नजर न उचलता ते कसं बघायचे, देव जाणे. मी लग्न होऊन या कॉलनीत आले तेव्हा मला वाटलं होतं, काकूंना मानेचा काहीतरी त्रास आहे. मी त्यांना तीळतेलाने चोळायलाही सांगितलं होतं. काकू इतक्या हसल्या की त्या दिवशी वाचन झालं नाही.

काकू गेल्या. काही आठवड्यांनी विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर सरांच्या वळणदार अक्षरातला कागद लागला. रेफरन्स विनामूल्य लावून मिळतील, स्वतः यावे. 'स्वतः यावे'च्या खाली दोन रेघा होत्या. मुलं यायला लागली. कुणी फोनवर म्हणायचं की सर, पीडीएफ पाठवतो, तर सर विचारत, "पीडीएफ वाचते का तुमची?" मुलं मनातल्या मनात वैतागून सायकली-स्कूटी काढून येत. येताना चेहरे पाडून येत, पण जाताना परमलची पुडी घेऊन जात. काही वर्षं बरी गेली. मुलगा पुण्याला, तो रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस या मुलांनी वाटून घेतले होते.

मग सॉफ्टवेअर आलं. म्हणजे ते होतंच, आमच्याकडे उशिरा आलं. जर्नलचं नाव निवडलं, बटण दाबलं, की सगळी यादी आपोआप त्या सासरची होते. सर डगमगले नाहीत. त्यांनी एका मुलाकडून तशी यादी मागवली आणि तिच्यात चुका काढून दाखवल्या. वनस्पतींची नावं त्या यंत्राने सरळ करून ठेवली होती, काहींची तर मोठी अक्षरं छोटी केली होती. सर आठवडाभर खुशीत होते. "मशीनला मान नसते," असं मला दोनदा सांगितलं.

पण पुढचा घाव जर्नलवाल्यांनीच घातला. एका जर्नलच्या सूचनांत लिहिलं होतं, संदर्भ कुठल्याही पद्धतीने द्या, आम्ही लावून घेऊ. हे मीच सरांना दाखवलं. मला वाटलं, त्यांना गंमत वाटेल. सरांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "कुठल्याही पद्धतीने?" एवढंच म्हणाले. सासूनेच सांगितलं की कसंही वागा, मग शिकवणाऱ्याला कोण विचारतो? हळूहळू मुलं यायची थांबली. त्यात त्यांचा काही दोष नाही. जे काम बटणाने होतं त्यासाठी देवास गेटहून नानाखेड्याला कोण येणार?

गंमत अशी की खिडकीतला पाठ मात्र चालूच होता. मी म्हटलं, चला, कुणीतरी येतंय. एक दिवस घरी श्रीखंड केलं होतं, वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. सर नेहमीच्या खुर्चीवर, ओळीखाली पट्टी. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तिथे उशीला टेकवून मोबाईल ठेवला होता आणि त्यातून सरांचाच आवाज येत होता, कॉमा-फुलस्टॉपसकट. आधी त्या खुर्चीवर बसून वाचून ठेवायचं, मग या खुर्चीवर येऊन तपासायचं, अशी त्यांनी व्यवस्था लावली होती. कागद स्वतःच्याच जुन्या निबंधाचा होता, केव्हाच छापून झालेला. त्यांना काहीतरी सापडलं असावं. ते मोबाईलला म्हणाले, "थांब, थांब." मोबाईल थांबला नाही. ते पुन्हा म्हणाले, "अरे थांब नं जरा." तो पुढच्या नावावर गेला.

मला फार वाईट वाटलं. वाटी ओट्यावर ठेवून, काहीतरी बोलून मी घरी आले आणि भांडी आपटत बसले. माणसाला काही दुखतं-खुपतं तर डॉक्टरकडे नेता येतं. समोरच्या खुर्चीवर बसायला माणूस हवा, याला कुठल्या दुकानात जायचं? रोज जाऊन नुसतं बसावं, तर सरांना दया चालत नाही. काकू गेल्यावर मी डबा पाठवला होता, तो त्यांनी धुऊन, पुसून, रिकामा नको म्हणून पेरू भरून परत केला होता आणि उद्यापासून पाठवू नकोस असं बजावलं होतं. काम असेल तरच माणसाने यावं, हा त्यांचा बाणा.

तेव्हा काम पाहिजे होतं. माझा एक निबंध तयार होता. त्याची यादी सॉफ्टवेअरने चोख लावून दिली होती. मी ती बिघडवायला घेतली. इथला कॉमा काढ, तिथे वर्ष उचलून शेवटी टाक, कुणाचं नाव पूर्ण लिही, एक तिरपं नाव सरळ कर. चूक करणं सोपं असतं असं मला वाटायचं. मुद्दाम करायला बसल्यावर कळलं की त्यालाही बुद्धी लागते. नवरा म्हणाला, लोक यादी सुधारतात, तू काय करून राहिलीस? मी त्याला टीव्ही बघ म्हटलं.

मग एका संध्याकाळी दोन प्रती घेऊन सरांकडे गेले. सांगितलं की जर्नलने परत पाठवलंय, यादी धड लावा म्हणतात. सरांचा चेहरा उजळला तो मला बघवला नाही. मोबाईल कपाटात गेला, उशी पलंगावर गेली, पेन्सिलला टोक झालं. मी वाचायला बसले. सर एकेक चूक टिपत होते आणि दर चुकीला मला रागवत होते. "रसायनवाल्यांना कॉमा महाग पडतो का?" मी मान खाली घालून ऐकून घेत होते, आणि खरं सांगायचं तर सुखात होते.

निम्मी यादी झाली असेल. सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी आधीची दोन पानं पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाले, "माधवी, हे तू बनवलंस नं?"

मी म्हटलं, हो सर, चुका माझ्याच आहेत.

"तसं नाही विचारून राहिलो. खऱ्या चुका अशा नसतात. माणूस एका चालीने चुकतो. कॉमा विसरणारा शेवटपर्यंत कॉमाच विसरतो. इथे तर एकीसारखी दुसरी नाही. ये तो बैठ के बनाया हुआ है."

मी परमलच्या वाटीकडे बघत बसले. वाटलं, आता रागावतील, डबा परत केला तसे कागद परत करतील. आणि मग यायचं तरी कशाच्या निमित्ताने? बाहेर बस स्टँडवर कंडक्टर देवास-इंदूरच्या सवाऱ्या हाकारत होता. सरांनी घसरलेली पट्टी पुन्हा ओळीखाली नीट लावली. माझ्याकडे न बघता, कागदाशीच बोलावं तसं म्हणाले,

"इतकं बिघडवायला दोन-तीन संध्याकाळी तर गेल्याच असतील तुझ्या. त्या संध्याकाळीही इकडेच यायचं होतं नं."