जिनू अण्णांची दुरुस्ती

जिनू अण्णा कॉम्प्युटरवर फोटो उघडला की आधी त्याला नमस्कार करतात. फोटोतलं माणूस वयानं मोठं असेल तर खुर्चीतून उठून. मध्येच लाईट गेली आणि आली, की पुन्हा उठतात.

अण्णा आमचे निपाणीतले शेजारी. तंबाखूच्या वखारीतली नोकरी संपली, लेकानं जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि हे जुने फोटो दुरुस्त करायच्या नादाला लागले. लोक तरी काय आणतात! भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो. हार तसाच, काचेवरचं कुंकू तसंच, वर ट्यूबलाईट चमकलेली. अण्णा उखडतात. "हार बाजूला कराय हात दुखत हुते व्हय रं? कान दिसंना, कपाळ दिसंना. मी काय ब्रह्मदेव हाय?" मग पडद्याकडं वळून अगदी मऊ आवाजात, "मावशी, जरा दम धरा हं. हार काढतोय."

माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यांचा एकुलता एक फोटो भिंतीच्या ओलीनं गेला, उरली एक काळपट झेरॉक्स. हीही गेली तर बापाचा चेहराच गेला, या भीतीनं मी अण्णांकडे धावलो. म्हटलं, "आता एक बटण दाबलं की चेहरा लख्ख होतो म्हणे."

"हुतोय की. पण कुणाचा? जा, आईला घिऊन ये."

आई आली. अण्णा एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारायला लागले, "वहिनी, ह्यो डाग झेरॉक्सचा का शंकरचा?"

आई आधी लाजली, मग रंगात आली. "त्यो काढा. ह्यो ऱ्हाऊ दे, भुवईवर विळा लागलावता. आन् दात पुढंच हुतं, आत ढकलू नगासा!"

मला हसू येत होतं आणि रडूही. बापाबद्दल इतकं आईनं मला कधी सांगितलंच नव्हतं.

शेवटी चेहरा उभा राहिला. देखणा काही नव्हता, पण आमचा होता. "व्हय, हेच," म्हणून आईनं पदर तोंडाला लावला.

आम्ही उठणार, तोच अण्णांनी आणखी एक फोटो उघडला. सुमनकाकी, त्यांची बायको. जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा एकदम गुळगुळीत.

"शिकत हुतो तवा पहिला हिचाच केला," अण्णा म्हणाले. "हौसेनं समदं साफ केलं. नवा भिंतीवर लावला, जुना वेदगंगेत सोडला. हिच्या गालावर देवीचा वण हुता, वहिनी. रोज ह्यो फोटो बघून बघून आता कुठल्या गालावर, तेच आठवंना. नवरा म्हणवून घेतो आन् हे आठवंना. लेकाला इचाराय लाज वाटती."

आईनं चष्मा सारखा केला, पडद्याजवळ गेली आणि काकीच्या उजव्या गालावर, नाकापासून जरा लांब, बोट टेकवलं.

"हितं. आन् त्येच्या खाली आणखी एक, बारका."

अण्णांनी माऊस धरला. ठिपका सारखा भलतीकडंच पडायचा. आई बोट न हलवता तशीच उभी राहिली.