राजाची एक उडी

आमच्या गंगापूर रोडवरच्या इमारतीत पोस्टमनची वाट पाहणारे सोनवणेकाका हे एकमेव गृहस्थ. नांदगावच्या थोरल्या बहिणीशी, इंदूताईंशी, ते पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळतात. एका कार्डावर एक चाल. फोन का करत नाही, असे विचारले की म्हणतात, "फोनवर गप्पा होतात, डाव होत नाही."

नियमांबाबत काका निर्दय आहेत. सोसायटीच्या स्पर्धेत अध्यक्षांचे बोट वजिराला नुसते लागले. वजीर हकनाक मरणार हे दिसत असूनही काकांनी तोच हलवायला लावला. "हात लावलात ना? मग हलवा. अध्यक्ष तुम्ही सोसायटीचे, पटाचे नाही!"

मी सांख्यिकीची एम.एस्सी.; तपासल्याशिवाय काही मानत नाही. या बहीणभावांच्या डावाची सुरुवात मी मोबाईलमध्ये भरली. तिसऱ्याच चालीला इंदूताईंचा राजा घोड्यासारखा अडीच घरे उडाला होता. ॲपने त्याला तत्काळ मूळ घरी परत पाठवले.

"काका, ही चाल बेकायदा आहे."

"तुझ्या मोबाईलला विचारलं कोणी? आमच्या वडिलांनी, अण्णांनी, शिकवलेल्या खेळात शह बसण्याआधी राजाला एक उडी असते. एकच! दुसरी मारली की डाव हरला."

गेल्या महिन्यात नवे कार्ड मीच वर नेऊन दिले, आणि जिन्यातच वाचले. इंदूताईंचा राजा पुन्हा उडाला होता.

"काका, दुसरी उडी! तुमच्याच नियमाने तुम्ही जिंकलात."

काका कार्ड उलटसुलट करून पाहू लागले. तेवढ्यात नांदगावहून भाच्याचा फोन आला; काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"मामा, आता पुरे करा हो ते कार्डं. आईला काल माझं नाव आठवेना. नाय झेपत तिला."

"तुझं नाव विसरली असेल," काका कडाडले. "राजा कुठल्या घरात आहे ते बरोबर लिहिलंय तिनं! चाल आलीय, उत्तर जाणार. पोस्ट बंद पडलं तर मी स्वतः घेऊन येईन."

त्यांनी फोन ठेवला. पटावरचा इंदूताईंचा राजा उचलून, अडीच घरे मोजून, नव्या जागी ठेवला. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की सारे नियम मी गिळून टाकले.

मग त्यांनी कोरे कार्ड घेतले, आपली चाल लिहिली आणि खाली मोठ्या, सुट्या अक्षरांत एक ओळ लिहिली:

"ताई, उडी झकास. अजून एक शिल्लक आहे तुझी."