एका पातेल्यात चार देश

इतिहासाचे मास्तर निवृत्त झाले आणि मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचे तास सुरू झाले. "मीठ आत्ताच का?" "झाकण कशाला?" तीन महिन्यांत बाई मेटाकुटीला आल्या. त्यामुळे वाचनालयाने मास्तरांना व्याख्यानाला बोलावलं आणि 'रंगलं तर दर गुरुवारी या' असं सांगितलं, तेव्हा कंबर कसली ती बाईंनी. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी हा माणूस घराबाहेर जायलाच हवा होता.

विषय होता, मैद्याच्या पारीत खिमा भरलेल्या डंपलिंगचा जगप्रवास. मास्तर दोन दिवस टिपणं काढत होते आणि बाई चीन, रशिया, तुर्कस्तान, इटली अशी चार देशांची डंपलिंगं वळत होत्या. चार डबे, चार चिठ्ठ्या.

वाचनालयात शेगडी एकच. बाई खुर्च्या मांडायला गेल्या, तेवढ्यात मास्तरांनी चारही डबे एकाच पातेल्यात रिकामे केले.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, उकडायचीच आहेत ना सगळी? वेळ वाचवला."

वेळ वाचला, चिठ्ठ्या मात्र कामातून गेल्या. व्यासपीठावर मास्तरांनी एक डंपलिंग काट्याला टोचून उचललं. "हे इटलीचं." थोड्या वेळाने दुसरं उचललं. "आणि हे चीनचं."

"सर, अस्संच मघाशी इटलीचं होतं," पहिल्या रांगेतून भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या. तीस वर्षं स्टाफरूममध्ये त्यांचं आणि मास्तरांचं कधी जमलं नव्हतं.

"ते... प्रवासात बदलतं."

सभागृह खो खो हसलं. मास्तर टिपणं उलटीपालटी करू लागले आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना सगळे गुरुवार हातचे जाताना दिसले. त्या तरातरा व्यासपीठावर चढल्या आणि पातेल्यात झारा घातला.

"हे चीनचं. कानासारखं दिसतंय ना? थंडीने कान गोठलेल्या गरिबांसाठी एका वैद्याने केलं, अशी गोष्ट सांगतात. दोन टोकं जुळवलेलं हे रशियाचं. बर्फात गोठवायचं आणि पोतंभर बरोबर न्यायचं. ही चिमुकली चार कोपऱ्यांची तुर्की, ही वळता वळता माझी मान मोडली. आणि काट्याने कडा दाबलेला हा चौकोन इटलीचा."

"पण मुळात हे कुणाचं?" मॅडमनी शेवटचा बाण सोडला.

"ते काही मला माहीत नाही बाई. पण खिमा थोडा आणि खाणारी तोंडं फार, अशा कुठल्यातरी घरातल्या बाईचं असणार."

टाळ्या थांबेनात. मॅडमनी दोनदा वाढून घेतलं.

"दर गुरुवारी नक्की हं!" ग्रंथपाल म्हणाले.

"येईन की," मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही, सर. वहिनी."

मास्तर बाईंकडे वळले. "अगं, पण गुरुवारी माझ्या जेवणाचं काय?"

"आजवर इतिहास शिकवलात," बाई चपला घालत म्हणाल्या, "आता घडवा."