टिटवीचा अर्ज आणि मुंगूसरावांचा साचा

एका जंगलात, बाळांनो, सिंहाचा दरबार होता. दरबार म्हटला की अर्ज आलेच.

सगळे अर्ज एकाच लांब पट्टीवर, एकापुढे एक लिहिलेले असत. अर्ज सुरू झाला की तांबडा ठिपका, संपला की पांढरा. म्हातारी कासवीण पट्टी वाचायची आणि एकेक अर्ज कापून ओळीने मांडलेल्या मडक्यांत टाकायची. वाचून कापायची, म्हणून वेळ लागायचा.

मग मुंगूसराव आले. बाहेरून शिकून आलेले.

"वाचायचं कशाला?" ते म्हणाले. "माझा साचा घ्या. तांबडा ठिपका दिसला की धरा, पांढरा दिसला की कापा."

त्यांनी पहिल्या मडक्यावर शून्य लिहिलं. का, ते विचारू नका. तशी पद्धत असते म्हणे. कापायला त्यांनी वाळवी बसवली.

वाळवी मेली हावरी. तिने पहिला तांबडा ठिपका धरला आणि थेट शेवटच्या पांढऱ्यावर कापलं. चाळीस अर्ज एका मडक्यात गेले.

सिंह खूश झाला. "जंगलात एकच तक्रार उरली म्हणायची."

कासवीण म्हणाली, "अहो, पहिल्याच पांढऱ्या ठिपक्यावर थांब, असं सांगा तिला." मुंगूसरावांनी सांगितलं आणि युक्ती स्वतःची म्हणून खपवली.

त्याच दिवशी टिटवीचा अर्ज आला. बिचारीची तीन अंडी उघड्या माळावर, आणि हत्तींची नवी वाट नेमकी तिथून निघालेली. जीव नुसता टांगणीला लागलेला. पण बाई नीटनेटकी. पुरावा हवा म्हणून तिने वाटेचा हुकूम अर्जाच्या मधोमध उतरवला, त्याच्या ठिपक्यांसकट; हुकमालाही तसेच तांबडे-पांढरे ठिपके असत.

"मी टिटवी, माळावर राहते. हत्तींची वाट माळावरून जावी, असा हुकूम आहे. ती कृपा करून वळवा, तिथे माझी अंडी आहेत."

वाळवीला पहिला पांढरा ठिपका दिसला तो उतरवलेल्या हुकमाच्या शेवटचा, 'जावी'च्या पुढचा. तिथेच तिने कापलं. उरलेलं कचऱ्यात गेलं.

सिंहाने मडक्यातला तुकडा वाचला. "मी टिटवी, माळावर राहते. हत्तींची वाट माळावरून जावी."

"मंजूर," सिंह म्हणाला.

हत्ती आले. टिटवी पंख पसरून अंड्यांपुढे उभी राहिली. जागची हलली नाही.

"काय गं बाई, काय झालं?" पुढच्या हत्तीने विचारलं.

"अंडी आहेत."

"मग आधी सांगायचंस की," म्हणत तो चार पावलं वळसा घालून गेला. मागचे सगळे त्याच्या मागून गेले.

दुसऱ्या दिवशी हत्तीला दरबारची नोटीस आली: अर्जदार टिटवीच्या इच्छेविरुद्ध वाट का वळवली, याचा खुलासा करावा.

तात्पर्य: अर्ज करताना पुरावा जोडू नये, आणि दुःखाचा जो भाग साच्यात मावत नाही तो घरीच ठेवावा.