झंकार मिक्सरचा सदस्यत्वाचा अर्ज

गेल्या आषाढात 'झंकार' कंपनीच्या मिक्सरने आमच्या ऑनलाइन गटात सदस्यत्वासाठी अर्ज केला. कंपनीने नव्हे, मिक्सरने स्वतः.

गटाचं नाव 'भांडीकुंडी चर्चा', सदस्य अकरा हजार, आणि ॲडमिन मी, निर्मला शेजवळ, मुक्काम सांगली. 'कालच घेतला, एकदम मस्त!' असं कोणी लिहिलं की मी त्याला त्याच मिनिटाला बाहेर काढते. जाहिरातवाले मला वासावरून कळतात. तेव्हा हा अर्ज बघून माझं डोकंच उठलं. व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, "बटण फिरवून दाखव." त्याने फिरवलं. नियमांत मिक्सरला मनाई नव्हती, घ्यावं लागलं.

आमच्याकडे नव्या सदस्याने घेऊन पस्तावा झालेली एक वस्तू आधी सांगायची असते. मिक्सरने लिहिलं, "माझा तिसरा स्पीड. नुसता आवाज वाढतो, काम दुसऱ्याएवढंच होतं." अय्या, किती खरं बोलतो, म्हणून सगळ्या खूश. मी म्हटलं, मेला भलताच पोचलेला दिसतोय.

तीन महिने तो प्रत्येकीच्या अडचणीला धावला. कुकरच्या शिट्ट्या, करपलेली कढई, काही सोडलं नाही. स्वतःचं नाव एकदाही काढलं नाही. माझा संशय वाढतच गेला.

मग कराडच्या रोहिणी व्हटकरने विचारलं. ती आलं-लसूण पेस्ट विकून घर चालवते. "माझा झंकार झाकणातून गळतोय. परवा केटररला तीस किलो द्यायचीय. चुकले तर तो पुन्हा दारात उभं करणार नाही. नवीन मॉडेल घेऊ का?"

मी 'काढून टाका'वर बोट ठेवूनच बसले. मिक्सर चाळीस मिनिटं लिहीत होता.

"ताई, नका घेऊ. झाकण दोन्हींचं एकच आहे. रबरी रिंग उलटी बसली असेल, काढून बघा."

उलटीच होती. तीस किलो वेळेत गेलं. रोहिणी आवाजी निरोपात हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सदावर्ते साहेब फोनवर. "मॅडम, तो मजकूर काढा. आम्ही त्याला लोकांत आपुलकीने मिसळायला पाठवलं होतं, गिऱ्हाईक परतवायला नाही."

"तुमच्याच मिक्सरला सांगा की."

"सांगितलं. ऐकत नाही. यापुढे त्याने आमचं नाव लावायचं नाही."

संध्याकाळी झंकारचं खातं बंद झालं आणि नवा अर्ज आला. नावाचा रकाना कोरा, सोबत फोटो. पोटावरचं लेबल खरवडलेलं, नुसता डिंकाचा डाग. मी फोटो मोठा करकरून पाहिला. हीसुद्धा कंपनीचीच चाल असेल, असं वाटत होतं. तरी मंजूर केला.

बिननावाने त्याने पहिलं लिहिलं ते इतकंच : "झाकण गळत असेल तर आधी रिंग बघा."

"हा कोण?"

"कुठल्या कंपनीने घुसवलाय?"

रोहिणीने लिहिलं, "नाव नाही, गाव नाही, फुकट सल्ला कशाला देतोय? ॲडमिनताई, काढा याला."

त्याने मला खासगीत विचारलं, "जाऊ का मी?"

मला फार वाईट वाटलं. यांना असा संशय घ्यायला मीच शिकवलं होतं. आजवर मी कोणासाठी शब्द टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला. सगळ्यांसमोर लिहिलं, "राहू द्या. माझ्या ओळखीचा आहे."

मग रोहिणीचा प्रश्न आला, "ताई, तुम्हाला कंपनीने काय दिलं?"